सुधारलेल्या घराला एसी किती टनांचा?

4,000 वॅट आणि 1,310 वॅट. नागपुरातली मे महिन्यातली 43 अंशांची दुपार धरली, तर वरच्या मजल्यावरच्या 140 चौरस फुटांच्या दोन खोल्यांमध्ये जमा होणाऱ्या उष्णतेचे हे दोन हिशेब आहेत. खोल्यांचे माप एकच, दिशा एकच, आत माणसे दोन-दोनच. पहिली खोली नेहमीच्या बांधणीची आहे: उघडा स्लॅब, विटांची नऊ इंची भिंत, पश्चिमेला छज्जा नसलेली खिडकी. दुसरीच्या गच्चीवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइल्स आहेत, भिंती एएसी ब्लॉकच्या म्हणजे बांधकामावर ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्याच्या आहेत, आणि खिडकीला बाहेरून सावली केलेली आहे. दुकानात मात्र दोन्ही घरमालकांना विचारतात, ‘खोली केवढी?’ आणि दोघांनाही सांगतात, ‘दीड टन घ्या.’

दुसऱ्या घरमालकाचे यात नुकसान आहे, आणि ते फक्त पैशांचे नाही.

एसीचा एक टन म्हणजे 3,517 वॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद. 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्यावरून हे माप आले. त्या हिशेबाने पहिल्या खोलीची गरज 1.14 टन आहे आणि दुसरीची 0.37 टन. आत 26 अंश तापमान हवे असे धरून उष्णता कुठून कुठून येते ते मांडले, तर चित्र असे दिसते:

| उष्णता येते ती वाट | साधी खोली (वॅट) | सुधारलेली खोली (वॅट) |
|---|---|---|
| छत | 1,300 | 100 |
| पश्चिम आणि दक्षिण भिंत | 700 | 250 |
| पश्चिमेची खिडकी | 920 | 300 |
| फटींतून शिरणारी हवा | 330 | 110 |
| आतल्या भिंती आणि दार | 400 | 200 |
| माणसे, पंखा, दिवा, टीव्ही | 350 | 350 |
| एकूण | 4,000 | 1,310 |

हे आकडे ढोबळ आहेत, आणि थोडे वाढीव बाजूला झुकणारे आहेत. खिडकीतून ऊन सर्वाधिक येते ते चार-पाचच्या सुमारास आणि छताची उष्णता खाली पोचते ती त्याहून उशिरा. इथे दोन्ही एकाच वेळी धरले आहेत. तरीही दोन रकान्यांमधले प्रमाण बदलत नाही. शेवटून दुसरी ओळ मात्र पाहून ठेवावी. बाहेरून येणारी उष्णता कितीही अडवली, तरी आतली माणसे आणि उपकरणे यांचे 350 वॅट जागचे हलत नाहीत. साध्या खोलीत ते एकूण ओझ्याच्या नऊ टक्के आहेत, सुधारलेल्या खोलीत 27 टक्के.

तक्त्यातली सर्वांत मोठी उडी छताची आहे, म्हणून तिथे जरा थांबू. काँक्रीटच्या 150 मिलिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबमधून, वर आणि खाली एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरला साधारण 3.3 वॅट उष्णता खाली उतरते. मे महिन्यात माध्यान्हीचे ऊन गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेनऊशे ते हजार वॅट ओतत असते आणि करडा, काळवंडलेला स्लॅब त्यातले 70 टक्के पिऊन टाकतो. हवा 40 अंशांवर असताना अशा गच्चीचा पृष्ठभाग 65 ते 70 अंशांपर्यंत जातो. काँक्रीटच्या जडपणामुळे ही लाट थोडी बोथट होऊन खाली येते, तरी आतल्या हवेशी सरासरी 30 अंशांचा फरक उरतो. म्हणजे चौरस मीटरला 100 वॅट, आणि 13 चौरस मीटरच्या छताला 1,300 वॅट. आता त्याच स्लॅबवर 50 मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा फोम आणि वर पांढऱ्या टाइल्स घाला. 3.3 चा आकडा 0.5 वर येतो, पांढरा रंग बहुतेक ऊन परतवतो म्हणून तापमानाचा फरक 14 अंशांवर येतो, आणि चौरस मीटरला उरतात 7 वॅट. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी जी ‘इको निवास संहिता’ आणली, तिने छतासाठी घातलेली मर्यादा 1.2 आहे. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या पावणेतीन पट वर आहे.

100 वॅट खाली उतरवणाऱ्या छताचा आतला पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा पंधरा-सोळा अंश गरम असतो. हवा 26 अंशांवर आणली तरी डोक्यावर 42 अंशांचे छत तापत असते, आणि अंगाला त्याची धग थेट लागते. रिमोटवर 26 दिसत असताना लोक 20 का लावतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. माणसे उधळी नसतात; त्यांच्या शरीराला खरोखरच 26 अंश जाणवत नाहीत. सुधारलेल्या खोलीचे छत 27 अंशांवर असते. तिथे 27 अंशांची हवा आणि हळू फिरणारा पंखा पुरतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवले की साधारण 6 टक्के वीज वाचते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेला एसी सुरू करताच 24 अंशांवर यावा असा नियमही आला. पण छत तापलेले असेल, तर माणूस रिमोट उचलतोच.

इथे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे काम उपयोगी पडते. भारतातल्या कार्यालयांमधल्या माणसांना प्रत्यक्ष कोणते तापमान सुसह्य वाटते, याचा अभ्यास करून 2014 मध्ये तिथे एक सूत्र मांडले गेले. काही वेळ खिडक्या उघड्या आणि काही वेळ एसी, अशा मिश्र वापराच्या इमारतीसाठी ते सांगते: गेल्या महिन्याभराचे बाहेरचे सरासरी तापमान घ्या, त्याला 0.28 ने गुणा, त्यात 17.87 मिळवा. नागपूरच्या मे महिन्याची दिवसरात्रीची सरासरी 35 धरली, तर उत्तर 27.7 अंश येते. 22 अंश ही आपल्या शरीराची मागणी नाही. तापलेल्या छताखालीच 22 अंशांची गरज भासते.

आता वीजबिल. रात्रीचे आठ तास एसी चालला, तर साध्या खोलीत सरासरी 2,400 वॅट उष्णता काढावी लागेल आणि सुधारलेल्या खोलीत 750 वॅट, असे धरू. चांगल्या इन्व्हर्टर यंत्राला त्यासाठी अनुक्रमे 600 आणि 200 वॅट वीज लागेल. एका रात्रीला 4.8 युनिट आणि 1.6 युनिट, महिन्याला 144 आणि 48 युनिट. या घरांचा एसीशिवायचा वापर महिन्याला 220 युनिट आहे असे समजा. महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरपत्रकात 101 ते 300 युनिटांच्या टप्प्याला 10 रुपये 29 पैसे आणि 301 ते 500 च्या टप्प्याला 14 रुपये 55 पैसे दर होता, त्यावर प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. एसीचे युनिट नेहमी आधीच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे त्यांना सर्वांत महागडा दर लागतो. साध्या खोलीच्या 144 युनिटांपैकी 80 युनिट खालच्या टप्प्यात बसतात, उरलेले 64 वरच्या टप्प्यात जातात, आणि एसीचा महिन्याचा खर्च होतो सुमारे 2,230 रुपये. सुधारलेल्या खोलीचे 48 युनिट सगळेच्या सगळे 300 च्या आत राहतात. खर्च 640 रुपये. विजेत तिप्पट फरक, पैशांत साडेतीनपट.

याच्या शेजारी स्टारचा हिशेब ठेवून पाहावा. 1 जुलै 2022 पासूनच्या तक्त्यात स्प्लिट एसीला तीन स्टार मिळण्यासाठी वर्षभराच्या कार्यक्षमतेचा आकडा, म्हणजे लेबलवरचा आयएसईईआर, किमान 3.8 लागत होता आणि पाच स्टारसाठी 5.0. तीनवरून पाच स्टारवर गेल्याने वीज वाचते 24 टक्के. छत, भिंत आणि खिडकी सुधारल्याने वाचते 67 टक्के. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे कालचा पाच स्टार आज चार किंवा तीन ठरू शकतो. खरेदी करताना स्टार मोजण्याऐवजी आयएसईईआर वाचावा. तो 1,600 तासांच्या वापरावर आणि 24 ते 43 अंशांच्या बाहेरच्या तापमानावर काढलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे.

मग सुधारलेल्या खोलीत दीड टनी यंत्र बसवले, तर बिघडते काय? इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमी करते, त्यामुळे मोठे घेतले तरी चालते, हा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. वेग कमी करण्यालाही तळ असतो. दीड टनी यंत्र म्हणजे साधारण 5,000 वॅट; ते सहसा त्याच्या 30 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 1,500 वॅटपर्यंत खाली येते. आपल्या खोलीला रात्री हवे आहेत 750. म्हणजे यंत्राचा सर्वांत मंद वेगसुद्धा गरजेच्या दुप्पट आहे. ते काही मिनिटे चालते, बंद होते, पुन्हा सुरू होते, आणि ज्या इन्व्हर्टरसाठी जास्तीचे पैसे मोजले त्याचा उपयोग उरत नाही. बाजारात सहज मिळणारी सर्वांत लहान यंत्रे 0.75 ते 0.8 टनांची आहेत. 0.8 टन म्हणजे 2,800 वॅट. 43 अंशांच्या उन्हात यंत्राची क्षमता घटते, कारण लेबलवरचा आकडा बाहेर 35 अंश असताना मोजलेला असतो. पंधरा-वीस टक्के घट धरली तरी 2,200 वॅट हाती राहतात. गरज 1,310 ची. खरेदी करताना कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही विचारावी. ती यंत्राच्या तांत्रिक माहितीपत्रकात लिहिलेली असते, दुकानातल्या फलकावर नसते.

कोकणपट्टीत आणि मुंबईत हाच प्रश्न जास्त अवघड होतो, कारण तिथे उष्णतेपेक्षा ओल मोठी आहे. बाहेर 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असताना प्रत्येक किलो हवेत जवळपास 21 ग्रॅम पाण्याची वाफ असते. आत 26 अंश आणि 55 टक्के आर्द्रता हवी, तर ती साडेअकरा ग्रॅमवर आणावी लागते. घर चांगले बंदिस्त आहे आणि ताशी फक्त 30 घनमीटर बाहेरची हवा आत येते असे धरले, तरी तिच्याबरोबर तासाला 300 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी येते; आठ तासांत अडीच लिटर. ही वाफ पाण्यात उतरवायला 210 वॅट खर्ची पडतात आणि तीच हवा 33 वरून 26 वर आणायला फक्त 70. त्यात झोपलेली दोन माणसे मिळून तासाला आणखी शंभर ग्रॅमच्या आसपास ओल सोडतात. भिंतीत कितीही चांगला थर घातला तरी हा आकडा कमी होत नाही. म्हणून मुंबईत सुधारलेल्या घरात मोठे यंत्र बसवले, की दहा मिनिटांत 25 अंश होतात, यंत्र थांबते, आणि ओल तशीच राहते. थंड पण चिकट हवा, गारठलेली चादर, कपाटाच्या मागे बुरशी. पाणी गळण्यासाठी आतली कॉइल सलग गार राहावी लागते, आणि ती राहते लहान यंत्र बराच वेळ चालले तरच.

विदर्भात नेमके उलट आहे. 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत किलोमागे फक्त 8 ग्रॅम वाफ असते. आत जेवढी हवी त्याहून कमी. या हवेत कूलर उत्तम चालतो. अशा हवेचे ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे पाणी उडून हवा गार होण्याची खालची मर्यादा, 22 अंशांच्या आसपास असते, आणि जाळ्या नीट भिजलेला कूलर 26-27 अंशांची हवा फेकू शकतो, तीही दीडदोनशे वॅटमध्ये. नागपूर-अकोल्याच्या घरांनी कूलरला कमी लेखू नये. मुंबईच्या वर सांगितलेल्या हवेत हेच ओल्या फडक्याचे तापमान 27 च्या वर जाते, तिथे कूलर खोलीत फक्त दमटपणा वाढवतो. विदर्भातही मृग लागला, पहिल्या सरी आल्या, की कूलर निकामी होतो आणि अंगाला चिकचिक सुरू होते. सुधारलेल्या घरात एसीची खरी गरज लागते ती या दिवसांत, आणि मे अखेरच्या त्या मोजक्या रात्रींत जेव्हा पारा तिशीच्या खाली उतरत नाही. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. अशा लाटेत घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना रात्री शरीर थंड करायला अवधी मिळाला नाही, तर ते जिवावर बेतू शकते. ऊर्जाबचतीचे घर बांधणाऱ्या काहींना एसी बसवणे म्हणजे तत्त्वाशी तडजोड वाटते. मला तसे वाटत नाही. आजीच्या खोलीत 200 वॅट लागत असतील, तर ते जरूर द्यावेत; तेवढ्यात काम भागावे म्हणूनच तर छतावर खर्च केला होता.

बंदिस्त घराची एक बाजू फार कमी बोलली जाते, ती म्हणजे ताजी हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. झोपेत एक माणूस तासाला साधारण 13 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्या खोलीत 39 घनमीटर हवा आहे. दोन माणसे आणि तासाला अर्धी हवा बदलेल एवढ्याच फटी, असे असेल, तर रात्रीत पातळी 1,700 पीपीएमच्या घरात पोचते. बाहेर ती 420 च्या आसपास असते, आणि खोलीत 1,000 च्या खाली राहावी असा साधारण संकेत आहे. सकाळी डोके जड होते ते पुष्कळदा यामुळे. साध्या घरात गळक्या खिडक्या हे काम आपोआप करत होत्या. सुधारलेल्या घरात ते मुद्दाम करावे लागते: दार किलकिले ठेवून घरातल्या मोठ्या हवेशी खोली जोडायची, किंवा लहान पंख्याने गाळणीतून ताशी 40-50 घनमीटर हवा आत घ्यायची. नागपुरात मे महिन्यात या 50 घनमीटरचे 280 वॅट मोजावे लागतात, तेही बाहेर 43 असताना. रात्री 32 अंशांना फक्त 100. एवढे जरूर मोजावेत.

देशाच्या पातळीवरचा आकडा मोठा आहे. मार्च 2019 मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतलीकरण कृती आराखड्यात एसी असलेली घरे तेव्हा सुमारे 8 टक्के धरली होती. 2037-38 पर्यंत ती 40 टक्के होतील असा अंदाज होता. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटपर्यंत गेली. एसी झोपेच्या वेळी चालतात, तेव्हा सौर पॅनेल काम करत नाहीत. छतावरचा एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला साधारण चार युनिट देतो. नेट मीटरिंगमुळे बिलात ते वळते होतात, पण रात्री दहाची वीज कुठल्या तरी वीज केंद्रातून त्याच क्षणी तयार व्हावी लागते. त्यामुळे रात्रीचे 600 वॅट 200 वर आणणे, हे गच्चीवर पॅनेल वाढवण्यापेक्षा ग्रिडच्या जास्त उपयोगाचे आहे.

ज्यांचे घर अजून तक्त्यातल्या साध्या खोलीसारखे आहे आणि हाताशी पैसे बेताचे आहेत, त्यांनी क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन. उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग, तोही परवडत नसेल तर चुन्यात डिंक घालून दोन हात. करडा स्लॅब पांढरा झाला, की भर दुपारचा पृष्ठभाग पंधरा-वीस अंशांनी उतरतो आणि छताचे 1,300 वॅट निम्म्याच्या आसपास येतात. मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा चिक. आतला पडदा कामाचा नाही, कारण तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेले असते. दारा-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्टी. एवढे झाल्यावर एक उन्हाळा राहून पाहावे आणि मगच एसीचे माप ठरवावे. आधी दीड टन घेऊन ठेवला आणि दोन वर्षांनी छत सुधारले, की ते यंत्र घराला मोठे होते.

आणि बसवण्याच्या दिवशी समोर उभे राहावे. सिपोरेक्सच्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही. 25 ते 35 किलोंच्या आउटडोअर युनिटचा स्टँड आरपार बोल्टने किंवा त्या ब्लॉकसाठीच्या खास अँकरनेच लावून घ्यावा. पाइपसाठी भिंतीला पाडलेले अडीच-तीन इंचांचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे आणि पाइप गेल्यावर फोमने नीट बुजवायला हवे. नाहीतर ज्या फटी बंद करायला दोन महिने घातले, त्या सगळ्यांएवढी एक नवी वाट तयार होते. आउटडोअर युनिट डक्टमध्ये कोंबू देऊ नये. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि बिल वाढते. दोन्ही कॉपर पाइपांवर इन्सुलेशन हवे, आणि गॅस सोडण्याआधी पंपाने व्हॅक्युम काढायला सांगावे. घाईत असलेले कारागीर थोडा गॅस सोडूनच हवा बाहेर काढतात. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसर खराब करते.

शेवटी रिमोटवर 27, पंखा दोनवर, आणि पहिले काही दिवस मीटरचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावेत. आठ तासांना दोन युनिटांच्या आत यंत्र राहिले, तर माप बरोबर बसले. चार युनिट दिसले, तर यंत्र बदलण्याआधी गच्चीवर जाऊन थर कुठे उघडा पडला आहे का, ते पाहावे.